एक हात, एक स्लॅब आणि पन्नास बांगडे

मे महिन्यात डिचोलीत घराचा स्लॅब घालू नये, घातलाच तर वर चढू नये, आणि चढलंच तर सेंट्रिंगच्या फळीवरून मोबाईल बघत चालू नये. मी तिन्ही केलं. डावं मनगट गेलं. डॉक्टरांनी प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवून गुंडाळली, ती चांगली गरम लागली, मग कडक झाली, आणि मग म्हणाले, आता सहा आठवडे याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. स्वतः बुडवलेली चालते!

घरी आलो तर मेस्त, म्हणजे आमचा गवंडी, उभाच. "बाब, स्लॅबला पाणी कमी पडता कामा नये हां, निदान सात दिवस." वर त्याने बांध घालून आळी केलेली, त्यात पाणी तुंबवायचं. मी इतकी वर्षं समजत होतो काँक्रीट सुकून कडक होतं. सुकून बिकून काही नाही, सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते, पाणी आटलं की ती थांबते आणि वर तडे जातात, आणि पुरी ताकद 28 दिवसांनी धरतात. म्हणजे छताला दिवसातून चारदा आंघोळ आणि मालकाला बंदी.

त्यात आईचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. 1 जूनपासून 61 दिवस ट्रॉलर बंद, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पन्नास बांगडे आणून तिने पोटं साफ करून मीठ भरलं होतं. एवढी सपाट, उन्हात तापलेली जागा बघून ती म्हणाली, एक आळं मला कोरडं दे. मेस्त ऐकेना. शेवटी बांगडे खाली अंगणात सिमेंटच्या पोत्यांवर.

मी वर, डाव्या हाताला प्लास्टिकची पिशवी, उजव्या हातात पाईप, तोंडाने कावळ्यांना शिव्या. भाच्याने खालून आपलं इंजिनिअरिंग पाजळलं, "मामा, तुझा हात, स्लॅब, बांगडे, तिघांनाही इंग्रजीत क्युअरच म्हणतात." मी त्याच्याकडे बघायला वळलो आणि पाईप तसाच राहिला, आळं भरलं, बांध फुटला आणि सगळं पाणी धबधब्यासारखं बरोब्बर अंगणात.

"अरे, बांगडे परत समुद्रात सोडलेस की काय!" आई ओरडली.

परत मीठ, परत ऊन. प्रत्येक बांगडा ती अंगठ्याने दाबून बघायची आणि मगच बरणीत टाकायची. पुढे पाऊस आला आणि स्लॅबचं खातं त्यानेच सांभाळलं.

जूनअखेर प्लास्टर कापलं. आतला हात काटकुळा, कातडी सालपटं सुटलेली, आणि वास असा की डॉक्टरांनी पंखा वाढवला. घरी आल्यावर आईने तो खिडकीपाशी उजेडात धरला, अंगठ्याने दोन ठिकाणी दाबला.

"सुकलाय बरा," म्हणाली, "पण मीठ कमी पडलं."