पगार मिळतो, मग कळकळ कशाला?

ताई, निवासी काळजी संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांच्या थकव्याबद्दल मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘कर्मचाऱ्यांना पगार मिळतो, नाही जमलं तर ते सोडून जाऊ शकतात. माझ्या भावाला बोलता येत नाही, तिथून कुठे जाताही येत नाही. मग तुमची कळकळ त्यांच्यासाठी का?’ तुमचा राग रास्त आहे. भावावर कुणी खेकसलं असेल तर ‘थकले होते’ म्हणून ते पोटात घालायचं नाही. तक्रार करा, चौकशी होऊ द्या.

पण ‘सोडून जाऊ शकतात’ हे मला लागलं, कारण ते खरंच सोडून जातात. आमच्या संस्थेत चाळिशीचे एक गृहस्थ राहत होते. बोलत नसत. कान ठणकायला लागला की स्वतःचं मनगट चावायचे. त्यांना आंघोळ घालणाऱ्या दादांना हे ठाऊक होतं. मनगट तोंडाकडे गेलं की दादा आधी कान बघायचे. दादा नोकरी सोडून गेले आणि नव्या माणसाने तीन दिवस रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘मुद्दाम करतो.’ कानात पू झाला होता. ती खूण कागदावर उतरवून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

दादा का गेले? एकदा त्यांच्या हाताला चावा बसला, रक्त आलं. घटनेच्या फॉर्मवर आधी काय झालं, नंतर काय केलं, सगळे रकाने होते. चावा बसलेल्या माणसासाठी एकही नव्हता. हात धुऊन ते तसेच जेवण भरवायला बसले. कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, ती नीट हाताळला न गेलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था अशी. म्हणजे बोट कामाच्या ठिकाणाकडे आहे. आणि कर्मचाऱ्यांकडे लक्ष दिलं की फायदा रहिवाशांनाच होतो. मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत कर्मचाऱ्यांना सजगतेचं (माइंडफुलनेस, म्हणजे त्या क्षणी शांतपणे लक्ष ठेवण्याचं) प्रशिक्षण दिल्यावर रहिवाशांना जबरदस्तीने धरून ठेवण्याचे प्रसंग कमी झाले. अर्थात माणसं अपुरी असतील आणि पाळीवर पाळी करावी लागत असेल, तर नुसत्या प्रशिक्षणाने काही व्हायचं नाही, असं माझं मत.

आता आमच्याकडे अशा प्रसंगानंतर दुसरा माणूस लगेच जागा घेतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्या कर्मचाऱ्याजवळ बसून बोलतं. चौकशी म्हणून नाही.

तुमच्या भावाच्या खुणा तुमच्याइतक्या कुणाला माहीत नसतील. पुढच्या भेटीत त्या लिहून द्या. आणि गेल्या वर्षात त्याची काळजी घेणारी किती माणसं बदलली, हेही विचाराच.