स्टॉरमाँटचं सभागृह बिनघोर कसं चालवावं

उत्तर आयर्लंडच्या जुन्या संसदेत (तिलाच स्टॉरमाँट म्हणत; १९२१ ते १९७२) मंत्रिपदाबरोबर सभागृह नेतेपद पदरात पडलं, तर आधी डोकी मोजायची सवय सोडा. ५२ जागांपैकी ४० पहिल्याच निवडणुकीत युनियनिस्टांनी, म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या आपल्या पक्षाने, घेतल्या आणि बहुमत शेवटपर्यंत हललं नाही. १९३३ मध्ये तर ३३ जागांवर लढतच झाली नाही. निम्म्याहून अधिक सभागृह मतदानाआधीच भरलेलं! प्रतोदाला झोपू द्या.

विधेयकांसाठी डोकं शिणवू नका. आयकर, जकात, सैन्य लंडनच्याच हाती. पेन्शन-विम्याचा कायदा तिथे झाला की नाव-गाव बदलून इथे मांडावा. स्वतःची अक्कल विशेष अधिकार कायद्यासाठी (स्पेशल पॉवर्स अ‍ॅक्ट; सरकारला विनाखटला डांबण्यासारखे अधिकार देणारा) राखून ठेवा. १९२२ मध्ये तो एका वर्षासाठी आला, मग दरवर्षी मुदतवाढीचा ताप. म्हणून १९२८ मध्ये एकदम पाच वर्षं घेतली आणि १९३३ मध्ये मुदतच काढून टाकली. कार्यक्रमपत्रिका हलकी करायची ती अशी.

नॅशनलिस्टांची, म्हणजे अखंड आयर्लंड मागणाऱ्या, बहुतेक कॅथलिक विरोधकांची, विधेयकं पाडा. वन्य पक्ष्यांच्या संरक्षणाचं तेवढं १९३१ मध्ये जाऊ द्या; पन्नास वर्षांत त्यांचं मंजूर झालेलं तेच एक. पाखरं नगरपालिकेकडे घर मागत नाहीत.

खरा धोका आपल्याच रंगाच्या माणसाचा. विनियोजन विधेयक मांडाल त्या दिवशी घरी जेवायला येतो म्हणून सांगू नका. त्यात सगळ्या खात्यांचा खर्च येतो, त्यामुळे कोणी कशावरही बोललं तरी ‘विषयाला धरून बोला’ म्हणता येत नाही. १९३६ मध्ये राजधानी बेलफास्टमधल्या शँकिलचे अपक्ष युनियनिस्ट टॉमी हेंडरसन संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास उभे राहिले, ते पहाटे चारच्या सुमारास बसले. खातं एकही सोडलं नाही. अशा वेळी उत्तर देऊ नये, चहा मागवावा.

तक्रार लंडनला गेली तरी बिघडत नाही. १९२३ पासून तिथल्या संसदेचे अध्यक्ष ‘हा विषय बेलफास्टचा’ म्हणून प्रश्नच घेत नाहीत.

समोरची बाकं मात्र भरलेली दिसू द्या. नॅशनलिस्ट १९२५ पर्यंत आलेच नव्हते. अधिकृत विरोधी पक्ष व्हायला त्यांनी १९६५ उजाडवलं. जुलै १९७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने डेरी शहरात दोघांना गोळ्या घालून ठार केलं, चौकशी नाकारली गेली आणि एसडीएलपी या नॅशनलिस्ट पक्षाचे आमदार सभागृह सोडून गेले. त्यानंतर कामकाज फार सुरळीत चाललं. मार्च १९७२ मध्ये लंडनने संसदच स्थगित केली. हा विषय तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.