दोष टॅपेटचा की तेलाचा?

रोल्स-रॉइसच्या फँटम ३ या मोटारीवरचा लेख आवडला, पण तिच्या हायड्रॉलिक टॅपेटना (व्हॉल्व्ह उघडणारे, तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे) सरळ 'फसलेला प्रयोग' म्हणणं पटलं नाही. ७.३ लिटरचं व्ही-१२ इंजिन, १९३६ साल. तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट आपोआप भरून निघायची, म्हणून टकटक नाही. कल्पना उत्तमच होती. पण तेव्हाच्या तेलात डिटर्जंट, म्हणजे गाळ साचू न देणारं रसायन, नव्हतं. गाळ साचला की बारीक छिद्रं तुंबणार, टॅपेट अडकणार आणि मग कॅम, म्हणजे टॅपेट ढकलणारे फिरते उंचवटे, झिजणार. १९३८ मध्ये साधे टॅपेट आले ते यामुळेच. बाकी २४ स्पार्क प्लग, म्हणजे सिलिंडरमागे दोन, हा मात्र खास राजेशाही थाट! आणि ॲल्युमिनियम ब्लॉकमधल्या वेट लायनरबद्दल (सिलिंडरची आतली नळकांडी, ज्यांना बाहेरून थेट कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, लागतो) लेखात अवाक्षर नाही? कूलंटकडे दुर्लक्ष झालं की खरा खर्च तिथेच निघतो.