आईचं दुखणं लेकीने का सांगायचं?

मागच्या महिन्यात माझ्या दवाखान्यात एक बाई आल्या. मूळच्या मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या, इथे कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यात मजुरीला. सोबत बारा वर्षांची लेक, शाळेचं दप्तर पाठीवरच. फोनवरचा दुभाषी मिळेना, म्हणून मुलगीच आमच्या मध्ये उभी राहिली. मी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?" तिने आईला विचारलं. आई हळू आवाजात बराच वेळ बोलली. मुलगी दप्तराचा पट्टा पिळत राहिली आणि मला एवढंच म्हणाली, "तिचं पोट दुखतंय."

मी तिथेच थांबले. तिला बाहेर बसवलं, दुभाषी मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं वाट पाहिली. बाईंचा गर्भपात झाला होता. ते लेकीच्या तोंडून वदवायला मी निघाले होते, हे अजून मनातून जात नाही.

मी फ्रेस्नोजवळ फॅमिली डॉक्टर आहे. कॅलिफोर्नियात दर दहांतले जवळपास चार लोक लॅटिनो, म्हणजे मूळचे मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतले, पण डॉक्टरांत मात्र ते शंभरात जेमतेम सहा-सात. १९८० मध्ये अमेरिकेत दर एक लाख लॅटिनोंमागे १३५ लॅटिनो डॉक्टर होते, २०१० मध्ये १०५ उरले. वस्ती वाढत गेली, डॉक्टर त्या वेगाने घडलेच नाहीत. याच गतीने कॅलिफोर्नियातली तूट भरून निघायला पाचशे वर्षं लागतील, असा हिशेब यूसीएलएच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठाच्या, संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला.

"दुभाषी आहेत ना," असं आपल्यातलेच लोक म्हणतात. साताऱ्याहून मुलाकडे आलेल्या काकू मला सांगतात, "अगं, कसंनुसं होतंय, पोटात कालवतंय." हे इंग्रजीत सांगून बघा. माझं स्पॅनिश कामापुरतं आहे. पेशंट 'बोका देल एस्तोमागो', म्हणजे शब्दशः पोटाचं तोंड, म्हणतो, तेव्हा त्याला बरगड्या जुळतात तिथला खळगा म्हणायचा असतो, हे मला इथे आल्यावर कळलं. १९८० मध्ये फ्लोरिडात विली रामिरेझ नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाच्या घरचे 'इंतोक्सिकादो' म्हणाले. खाण्यातून काहीतरी बाधलं, असं त्यांना सांगायचं होतं. डॉक्टरांनी ते अमली पदार्थांचं प्रकरण धरलं. मेंदूतला रक्तस्राव वेळेत लक्षात आला नाही आणि मुलाचे हातपाय कायमचे गेले.

आता गुणवत्तेबद्दल, कारण लॅटिनो मुलांना मेडिकलला जास्त प्रवेश मिळावेत, हा विषय आपल्या मराठी ग्रुपवर निघाला की हाच शब्द येतो. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करायला १९९६ च्या मतदानाने बंदी आली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर तोच रस्ता बंद केला. मी मिरजेच्या सरकारी कॉलेजात शिकले, माझ्या फीचा मोठा भाग लोकांच्या करातून गेला. इथे कर्ज काढून शिकणारा मुलगा साधारण दोन लाख डॉलरचं ओझं घेऊन बाहेर पडतो, आणि मेडिकलच्या वर्गातली निम्म्याच्या आसपास मुलं सर्वांत श्रीमंत वीस टक्के घरांतली असतात. मजुराच्या पोराला परीक्षेचे क्लास परवडत नाहीत, उन्हाळ्यात फुकट संशोधन करायला वेळ नसतो, कारण तेव्हा तो आईबापाबरोबर मळ्यात असतो. त्याचे मार्क आणि डॉक्टरच्या मुलाचे मार्क एकाच तराजूत तोलायचे, याला मी गुणवत्ता म्हणणार नाही.

मार्ग आहेत, आणि त्यात वंशाचा रकानाही लागत नाही. अर्व्हाइनच्या विद्यापीठात लॅटिनो वस्त्यांत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी २००४ पासून खास अभ्यासक्रम आहे. इतर देशांत डॉक्टर होऊन आलेल्या आणि इथे पडेल ते काम करणाऱ्या स्पॅनिशभाषकांना यूसीएलए २००७ पासून परीक्षांसाठी तयार करतं. मला सर्वांत आशा वाटते ती मर्सेडच्या विद्यापीठाची: २०२३ पासून फ्रेस्नोच्या आसपासच्या आमच्या खोऱ्यातली मुलं बारावीनंतर थेट आठ वर्षांच्या वाटेला लागतात, शेवटी हातात एमडी, म्हणजे इथली डॉक्टरकीची पदवी. पहिल्या तुकडीत पंधरा जण होते. पंधरा फार कमी आहेत, सरकारने यावर पैसा ओतायला हवा.

फ्रेस्नो, वायसेलिया, बेकर्सफील्ड भागात दवाखाना असलेले बरेच मराठी डॉक्टर ही पोस्ट वाचत असतील. शाळकरी मुलांना तुमच्यासोबत बसून काम बघू द्या. मी दर गुरुवारी दुपारी दोघांना बोलावते. ती मुलगी आईला घेऊन परत आली, तेव्हा तिलाही सांगून ठेवलंय, नववीत गेलीस की ये. अजून पाच-सहा दवाखाने हवेत. जमत असेल तर मेसेज करा.