आजार लपवून पॉलिसी काढणार नाही: एका रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की आई-वडिलांच्या जर्मनीच्या व्हिसासाठी आम्ही महागडी पॉलिसी गळ्यात मारली. वडिलांचं शुगर-बीपी फॉर्मवर लिहायला लावलं म्हणून प्रीमियम वाढला. दुसरा एजंट ‘काही लिहू नका’ म्हणत निम्म्या पैशात करून देत होता. आई-वडिलांच्या खर्चाचं हमीपत्र तुम्ही स्वतः दिलं असताना एवढा विमा कशाला, असंही विचारलंय. आणि व्हिसा पंधरा दिवस जास्तीचा आला, तरी पॉलिसी साठच दिवसांची.

आधी तारखांचं सांगते, कारण इथे गैरसमज राहिला तर काका-काकूंना त्रास होईल. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या अनेक देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसाच्या, मुदतीत सहसा १५ दिवसांची सवलत धरलेली असते, विमान पुढेमागे झालं तर अडचण नको म्हणून. मुक्काम मात्र स्टिकरवर दिवसांच्या रकान्यात छापलाय तेवढाच, म्हणजे ६० दिवस. त्या पंधरा दिवसांकडे बघून परतीचं तिकीट पुढे ढकलू नका.

आता प्रीमियम. नुसता व्हिसा मिळवायचा तर ती स्वस्त पॉलिसीही चालली असती, हे अगदी खरं आहे. नियमाप्रमाणे किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामासाठी. त्यात तातडीचे उपचार, हॉस्पिटल, आजारपणामुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मृत्यू हे सगळं यावं लागतं. वकिलात एवढं तपासते. प्रपोजल फॉर्मवर कोणता आजार लिहिला आणि कोणता गाळला, हे ती बघत नाही. ते बघते विमा कंपनी, आणि तेही क्लेम आल्यावर. तेव्हा जुनी प्रिस्क्रिप्शन्स मागतात, फॅमिली डॉक्टरांचे कागद मागतात. तिथल्या डिस्चार्ज कार्डावर ‘अनेक वर्षांपासून मधुमेह’ असं आलं आणि फॉर्मवर ‘आजार नाही’ असेल, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. हप्त्यात वाचलेल्या पैशांपायी परक्या देशात, भाषा येत नसताना, सत्तरीच्या माणसावर ती वेळ आणायची? आमच्या कार्यालयातून असा फॉर्म जाणार नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आणि तुम्ही हमीपत्र दिलंय, म्हणून तर हा विमा तुमच्यासाठीही महत्त्वाचा आहे. जर्मनीतल्या त्या हमीपत्रावर सही करताना पाहुण्यांच्या राहण्याखाण्याचाच नव्हे, आजारपणाचाही खर्च तुम्ही अंगावर घेता. सरकारी पैसा खर्च झाला तर वसुली तुमच्याकडून होऊ शकते. विमा कंपनीने हात वर केले, की ते बिल तुमच्या दारात येतं.

एक गोष्ट काकांना समोर बसवून सांगितली होती, इथे पुन्हा लिहिते. आजार लिहिला म्हणजे त्याचा सगळा खर्च मिळतो असं नाही. या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारामुळे जिवावर बेतलं तरच, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत, पैसे मिळतात. नेहमीची तपासणी, रोजच्या गोळ्या यात नाहीत. त्यामुळे मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या इथूनच न्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत.

तुम्ही पैसे परत मागितलेत. प्रवास सुरू होण्याआधी पॉलिसी रद्द करता येते, कंपनी तिचं शुल्क कापून बाकी रक्कम देते, आणि तो अर्ज मी स्वतः भरून देईन. मात्र दुसरी पॉलिसी हातात आल्याशिवाय ही रद्द करू नका. विमानतळावर उतरल्यावर सीमा अधिकारी विम्याचा कागद मागू शकतात. प्रीमियम चुकीचा लावलाय असं वाटत असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं, तिथे फी लागत नाही.

निघण्यापूर्वी काकूंना एकदा कार्यालयात पाठवा. ॲडमिट व्हायची वेळ आली तर आधी मदत क्रमांकावर फोन करायचा, पॉलिसी नंबर काय सांगायचा, मुक्काम वाढला तर पॉलिसी संपायच्या आत कशी वाढवायची, हे सगळं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देते. काकांच्या पासपोर्टच्या पाकिटात एक प्रत आणि तुमच्या व्हॉट्सॲपवर एक.