२०० मेगापिक्सेलच्या मेसेजबद्दल खुलासा

'२०० मेगापिक्सेलचा फोन १२ मेगापिक्सेलवाल्यापेक्षा कितीतरी पट सरस फोटो काढतो,' असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. सॅमसंग गॅलेक्सी एस२३ अल्ट्राचंच घ्या. त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, २०० मेगापिक्सेलचा, पण नेहमीच्या मोडमध्ये तो शेजारशेजारचे १६ पिक्सेल (प्रकाश टिपणारे बारीक ठिपके) एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. कारण जेमतेम ०.६ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एकेका पिक्सेलवर प्रकाश फारच थोडा पडतो आणि कमी उजेडात फोटो दाणेदार येतो. चांगल्या फोटोत सेन्सरचा आकार, लेन्स, सॉफ्टवेअर यांचा वाटा मोठा.

चेहरा उजळवणारा फोन कुणाला आवडेल; मला माझ्या आईचा सावळा रंग आहे तसाच हवा. हा आवडीचा प्रश्न, त्याला मेगापिक्सेलचं माप लावू नका. आणि तुलना करायचीच तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, एरवी त्यातले बारकावे वाटेतच जातात.