वाढदिवसाला खूश कसं दिसावं

तिशीच्या अलीकडे असाल, पुण्यात तिघांत मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल आणि वाढदिवस महिन्यावर आला असेल, तर तयारीला आजच लागा. आपल्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा 'पार्टी कधी?' या दोन शब्दांत देतात आणि 'नाही' हे त्याचं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. जन्माला तुम्ही आलात, तेव्हा बिलही तुमचंच.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघून वार ठरवा. टीममधला एकजण सोमवार पाळतो, दुसरा मंगळवारी गणपतीचा, तिसरा गुरुवारी स्वामींचा, चौथा शनिवारी मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. बुधवारी क्लायंटचा कॉल, रविवारी निम्मी टीम गावाला. म्हणजे जन्म कुठल्याही वारी झालेला असो, वाढदिवस शुक्रवारी. त्यात श्रावण लागलेला असेल तर वर्षभर कोंबड्यांच्या जिवावर उठलेली माणसंही पनीर मागवतात.

वाढदिवसादिवशी सकाळी एचआरची मेल येईल. आयकार्डवरचा तो फोटो, ज्यात तुम्ही नुकतेच पोलिसांना सापडल्यासारखे दिसता, त्याभोवती फुगे लावलेले असतील. ही मेल यंत्र पाठवतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी तिला सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्यायचं आणि आपण भारावून गेलो आहोत असं कळवायचं. दुपारी चारला पॅन्ट्रीत केक. मॅनेजर दोन शब्द बोलतील आणि त्यातला एक 'रॉकस्टार' असेल. अप्रेझलच्या वेळी याच रॉकस्टारच्या नावापुढे 'अपेक्षेप्रमाणे कामगिरी' असं येतं, कारण बेल कर्व्हच्या, म्हणजे थोडे उत्तम, थोडे वाईट आणि बाकीचे मधले अशा ठरलेल्या वाटणीच्या, फुगवट्यात कोणीतरी बसावंच लागतं. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध जोडू नका. तसं करणारी माणसं पुढे नोकरी सोडून गावाकडे सेंद्रिय शेती करायला जातात आणि तिथून रोज सूर्योदयाचे फोटो टाकतात.

आता मुख्य विषय, समाधान. वाढदिवसाला लोक हटकून विचारतात, 'मग, कामात खूश ना?' यावर खरं उत्तर शोधत बसू नका, केक वितळेल. 'लर्निंग खूप आहे' असं म्हणा. हे वाक्य कुठेही चालतं. पगार वाढला नसेल, बढती दुसऱ्याला मिळाली असेल, वर्षभर एकाच एक्सेल शीटचे रंग बदलत असाल, तरी लर्निंग असतंच. काकांनी विचारलं तर मात्र थेट पॅकेजचा आकडा सांगावा आणि तोही सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा. हातात येतो तो आकडा खाजगी असतो, बँकेला आणि घरमालकालाच माहीत असावा. सीटीसीत पीएफमधला कंपनीचा वाटा आहे, विम्याचा हप्ता आहे, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटीसुद्धा आहे. ही ग्रॅच्युइटी हाती यायला सलग पाच वर्षं एकाच कंपनीत काढावी लागतात आणि तुमच्या क्षेत्रात तिसऱ्या वर्षीही स्विच न मारलेल्या, म्हणजे नोकरी न बदललेल्या माणसाकडे लोक 'घरी सगळं ठीक आहे ना?' अशा नजरेनं बघतात. काकांना हे सगळं समजावत बसू नका. त्यांना तो आकडा एका स्थळाला सांगायचा असतो.

समाधानाच्या बाबतीत वडिलांचा सल्ला घेऊ नये. त्यांचा स्वतःचाच वाढदिवस १ जूनला असतो. त्यांचा म्हणजे त्यांचा, त्यांच्या मित्रांचा आणि गावाकडच्या निम्म्या पिढीचा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी पोराकडे एकदा बघितलं, वय अंदाजानं धरलं आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकलं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला राज्यातल्या कचेऱ्यांत, शाळांत, डेपोंत निरोप समारंभांची नुसती झुंबड उडते. या माणसांनी उभ्या आयुष्यात केक कापला नाही, निरोपाला मात्र शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आली. घड्याळाची गरज संपल्यावर घड्याळ द्यायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याला एचआरमध्ये घ्यायला हवं होतं. अशा वडिलांना एकदा विचारून बघा, 'बाबा, तुम्हाला कामात समाधान होतं का?' ते म्हणतील, 'तुझा पगार वेळेवर होतो ना?' ही पिढी अशीच. विषयाला बगल देते.

आईचं गणित तर फारच जुनाट. ती तुमचा वाढदिवस तिथीनं करते. तिथी आणि तारीख साधारण एकोणीस वर्षांनी परत गाठ घेतात, म्हणजे तुम्ही कॉलेजात होतात तेव्हा त्या जुळून गेल्या आणि आता थेट अडतिसाव्या वर्षी भेटतील. तोवर दर वर्षी कुठल्यातरी आडवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल येणार. ती फोन पाटावर उभा करते, त्याला निरांजनानं ओवाळते, अंगठी आणि सुपारी फिरवते, स्क्रीनवर अक्षता टाकते आणि 'औक्षवंत हो' म्हणते. तुम्ही तेव्हा लॅपटॉपवर दुसऱ्या कॉलमध्ये म्यूटवर असता आणि एका कानानं स्प्रिंटचं, म्हणजे पुढच्या दोन आठवड्यांच्या कामाचं, बोलणं ऐकत असता. या वाढदिवसाला खर्च नाही, फोटो नाही, कोणाला कळतही नाही. अशा वाढदिवसाची गोडी लागू देऊ नका. करिअरच्या दृष्टीनं त्याला शून्य किंमत आहे.

वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न थोरामोठ्यांनी सोडवून ठेवला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं, शिवाय घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, अशी शंकाही. हिशेब करू. आठवड्याचे १६८ तास, त्यातून ९० गेले, राहिले ७८. रोज आठ तास झोपलात तर ५६ गेले, राहिले २२. दिवसाला तीन तासांच्या थोडंसं वर. यात आंघोळ, डबा, कपडे आणि हिंजवडीचा शिवाजी चौक ओलांडणं बसवायचं. पावसाळ्यात चौकच पुरून उरतो. बायकोकडे बघण्याचा प्रश्न इथे आपोआप निकाली निघतो आणि ज्यांचं लग्न ठरायचं आहे त्यांच्या बाबतीत तर तो उद्भवतच नाही.

तर शुक्रवार संध्याकाळ. जागा बालेवाडी, बाणेर किंवा कोरेगाव पार्कातली निवडा. फर्ग्युसन रस्त्यावर डोसा खाऊन कोणाचं करिअर सफल झाल्याचं ऐकिवात नाही. शिवाय तिथे तुमच्या खुर्चीमागे उभं राहून पुढचं गिऱ्हाईक तुमचे घास मोजतं. इथे तसं होत नाही. इथे अंधार असतो, गाणी मोठ्यानं लावलेली असतात आणि मेनू फोनवर क्यूआर कोड मारून वाचायचा असतो. मेनूत 'मिलेट क्रॅकर्स विथ फायर-रोस्टेड चिली अँड पीनट रेलिश' असं दिसेल. ४९५ रुपये. काळ्या दगडी पाटीवर भाकरीचे चार तुकडे आणि वाटीच्या तळाशी ठेचा येईल. तुम्ही सोलापूरकडचे असाल तर तोंडातून 'अरे, हा तर आपला...' असं निघू पाहील. गिळा. 'इंटरेस्टिंग' म्हणा. ठेचा ओळखणारा माणूस सीनियर पदापर्यंत पोचला असं सहसा होत नाही.

पण खरी कसोटी त्याही आधी येते. टेबलावर बसताक्षणी वेटर कमरेत किंचित वाकून विचारतो, 'सर, रेग्युलर की मिनरल?' इथे टेबलावर जी शांतता पसरते तिचा नीट अभ्यास करा. आठजण आठ दिशांना बघतात. सगळ्यांना रेग्युलर हवं असतं. सगळे घरी नळाचंच पितात आणि ऑफिसात बाटली भरून आणतात. पण 'रेग्युलर' हा शब्द आपल्या तोंडून जाऊ नये अशी प्रत्येकाची इच्छा असते. उत्सवमूर्ती म्हणून हे संकट तुमच्यावर येतं. तुम्ही 'मिनरल' म्हणालात की शेजारचा सुस्कारा टाकतो आणि पाच बाटल्या येतात, झाकणं आधीच पिरगाळलेली, म्हणजे परतीचा मार्ग बंद. 'रेग्युलर' म्हणण्याचं धैर्य मी आजवर एकाच प्रकारच्या माणसात पाहिलं आहे, ज्याचा नोटीस पिरियड चालू आहे.

पेयांच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूनं आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनला वय २१ लागतं, व्हिस्की-रमला २५. नोकरी लागते तेव्हा बिअर आणि नोकरी कळते तेव्हा व्हिस्की. नियम करणाऱ्यांना करिअरची उत्तम जाण होती. कागदोपत्री पिण्याचा परवानाही लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार. त्या काळी मुंबई राज्यात दारूबंदीचा आग्रह धरणारे गृहमंत्री मोरारजी देसाई २९ फेब्रुवारीला जन्मलेले. ज्याचा वाढदिवसच चार वर्षांतून एकदा येतो, त्याला पार्टीची निकड काय कळणार!

जेवण उरकत आलं की दिवे मंद होतील आणि चार-पाच वेटर टाळ्या वाजवत ब्राउनी घेऊन येतील. त्यात मेणबत्ती खोचलेली असेल. दुपारी ऑफिसात एक विझवलीत, ही दुसरी. घरी दिवा लावून औक्षण करतात आणि इथे विझवून, असला विचार मनात आणू नका, फोटो हलतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकजण तुमच्याच वयाचा असेल, कदाचित तुमच्याच जिल्ह्यातला, दुपारी बारापासून पायांवर उभा. त्याला कामात समाधान आहे का, हे विचारायचा मोह आवरा. बिलासोबत तोच हळूच म्हणेल, 'सर, रिव्ह्यू टाका ना प्लीज, माझ्या नावासकट.' त्याचंही अप्रेझल असतं. पाच तारे द्या. त्याच्या बेल कर्व्हमध्ये तुम्हीच मॅनेजर आहात, आणि ही बढती तुम्हाला आज फुकट मिळाली आहे.

बिल वाचायला शिका. जेवण १२,००० रुपये. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, १,२००. मग १३,२०० वर ५ टक्के जीएसटी, ६६०. अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे. एकूण १३,८६०. दारू जीएसटीत येत नाही, तिचा कागद वेगळा आणि व्हॅटही वेगळा. हा सर्व्हिस चार्ज ग्राहकाच्या माथी आपोआप मारता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं होतं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. म्हणजे तुम्ही 'हे काढा' म्हणू शकता. आठ सहकाऱ्यांसमोर, वाढदिवसाच्या रात्री, कपाळाला केक लागलेला असताना. म्हणून बघा.

कोणीतरी अर्ध्या मनानं 'कॉन्ट्री काढू या का?', म्हणजे वर्गणी करू या का, असं विचारेल. त्याला रागावल्यासारखं करून गप्प बसवा, कारण विचारतानाच त्यानं फोन खिशात ठेवलेला असतो. कार्ड द्या, पिन टाका, हसत राहा. रिक्षात बसल्यावर आईचा फोन येईल, 'जेवलास का रे? काय होतं?' 'भाकरी आणि ठेचा' असं सांगा, खोटं नाही ते. आकडा सांगू नका, तिला रात्रभर झोप लागणार नाही.

घरी पोचेपर्यंत बँकेचा मेसेज आलेला असेल: तुमचा व्यवहार सोप्या हप्त्यांत बदला. सहा महिन्यांचा पर्याय घ्या. व्याज लागतं, व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तीन महिन्यांत फेडून टाकलंत तर चौथ्या महिन्यात सकाळी उठून ऑफिसला का जायचं, याचं ठोस कारण हाताशी राहत नाही.